ठोकाठोकीचा तास

१८ जून

माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, शाळा उघडली की होतं. म्हणून डायरीही आजपासून. निवृत्तीला अजून अवकाश आहे, अंगात रग आहे, आणि नववीचं विज्ञान यंदाही माझ्याकडेच आहे. शनिवारचा शेवटचा तास मुलांनी पुस्तक मिटून हाताने काहीतरी बनवायचं, हा माझा जुना हट्ट. शिक्षकखोलीत त्याला 'ठोकाठोकीचा तास' म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याने आयुष्यात एक स्क्रू पिळला नाही त्याला 'बल' शिकवायला मी तयार नाही.

प्रयोगशाळेच्या भिंतीवरची ओळ पुन्हा रंगवली: 'एका वेळी एकच गोष्ट बदला.' माझं सगळं विज्ञान एवढंच आहे. यंत्र बिघडलं तर चार ठिकाणी हात घालायचा नाही. एक गोष्ट बदलायची, बघायचं, मग दुसरी. रंगवताना शेवटची अक्षरं बारीक आली. जागा पुरली नाही म्हणावं तर उजवीकडे वीतभर भिंत मोकळीच होती.

घरी बकुळाने चहा अर्धाच कप दिला. दूध महाग झालंय हे मान्य, पण नवऱ्यावर काटकसर करावी इतकं नाही.

२९ जून

यंदा काय बनवायचं ते ठरलं, आणि ठरवलं ते प्रतिभाने. ही मुलगी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येते, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. आज सगळे पेरिस्कोप नि पाणचक्क्या सुचवून दमले तेव्हा उभी राहिली आणि म्हणाली, "सर, जमीन हलली हे दाखवणारं मशीन आपल्याला बनवता येईल का?"

पोरं हसली. मग तिने तुटक तुटक सांगितलं. पाड्यामागे दगडखाण आहे. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात. त्यांच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. वडील तक्रार घेऊन गेले तर खाणवाले म्हणाले, हादरा तुमच्यापर्यंत पोचतच नाही, भिंतच कच्ची आहे तुमची.

वीस-बावीस वर्षं मी या तासाला टॉर्च आणि कॉलबेल बनवत आलो. स्वतःची गरज घेऊन आलेलं मूल पहिल्यांदाच भेटलं. तिच्या जोडीला सनी. हा शिरगावच्या सोसायटीतला, अखंड बडबड्या, पण कॉम्प्युटरवर बोटं चांगली चालतात.

यंत्र सोपं आहे. स्प्रिंगला एक वजनदार चुंबक टांगायचं, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. जमीन हलली की वेटोळं हलतं, चुंबक मात्र आळशासारखं जागेवरच राहतं, आणि तारेत इवलीशी वीज तयार होते. ती मोठी करून शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरला दिली की पडद्यावरची रेघ हलते. जमीन शांत, तर रेघ सरळ.

१४ जुलै

तारेसाठी उल्हासनगरला जाऊन आलो. मोटारी बांधून देणाऱ्या कमलेशकडे मी वर्षानुवर्षं जातो. आज त्याने गिऱ्हाईक बाजूला सारून मला स्टूल दिलं, तार स्वतः गुंडाळली, पिशवीला गाठही त्यानेच मारली. "साईं, तबियत ठीक है ना?" असं दोनदा विचारलं. त्याच्या चुलत्याचं काहीतरी दुखणं सांगत होता, मी फार लक्ष दिलं नाही. या लोकांना चौकशा फार.

येताना अंबरनाथला उतरून सोल्डरिंगची नवी बंदूक घेतली. रिक्षात शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती, कारखान्यांचा वास येतो म्हणून. मला तर काही आला नाही. प्रदूषण कमी झालं म्हणायचं, किंवा बायकांची नाकं जास्त तीक्ष्ण.

२७ जुलै

सोल्डरिंग सुरू झालं. तापलेल्या राळेचा वास म्हणजे माझ्या तरुणपणाचा वास. नोकरी नव्हती तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं काढली आहेत. आज एवढी राळ जाळली पण वासाचा पत्ता नाही. हल्ली राळसुद्धा भेसळीची मिळते. सनी मात्र उगीच खोकत होता, सर धूर फार आहे, वास डोक्यात जातो म्हणून. नाटकी पोरगं.

संध्याकाळी नदीकडे फिरायला गेलो. बकुळा मागे मागे राहत होती. म्हटलं, चल की. तर म्हणते, "तुमचा उजवा हात बघत होते. चालताना हलत नाही तो. आबांचा नव्हता का हलत."

मला राग आला. आबा, म्हणजे माझे वडील, शेवटी शेवटी आमच्याकडेच, या हेंद्रेपाड्यातल्या घरात होते. ऐंशी ओलांडलेले. ओसरीत बसून असायचे, मांडीवर हात, आणि अंगठा नि बोट एकमेकांवर फिरत असायचं, जपमाळ नसतानाही मणी ओढल्यासारखं. आम्हाला वाटायचं, आबा नाम घेताहेत. येणारे-जाणारे पाया पडायचे. पुढे हातातला घासही तोंडापर्यंत जाईना, तेव्हा बकुळानेच भरवलं त्यांना. म्हातारपण ते. मी अठ्ठावन्नचासुद्धा नाही. तिला म्हटलं, माझी तुलना त्यांच्याशी करू नकोस.

१७ ऑगस्ट

वेटोळं पूर्ण झालं. केसासारखी बारीक तार, हजारो वेढे. निम्मे मी द्यायचे ठरलं होतं पण माझा हात लवकर अवघडला. प्रतिभाने सगळे दिले, एकावर एक, भात लावल्यासारखे ओळीत. म्हटलं, कुठे शिकलीस? तर म्हणे, आजी गोधडी शिवते. एवढंच.

ही डायरी वाईट आहे. ओळ सुरू करताना अक्षर ठीक असतं, कडेला जाईपर्यंत मुंगीएवढं होतं. पेन बदलून पाहिलं. वही बदलायला हवी.

२१ सप्टेंबर

आज रेघ उमटली. खिडकीबाहेर मालगाडी गेली आणि पडद्यावर रेघेने अशी उसळी घेतली की सनी बाकावर चढला. प्रतिभा हसली. दात दिसतील असं हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मला भरून आलं. चुंबक भंगारातल्या स्पीकरचं, स्प्रिंग मोडक्या खेळण्याची, आणि तरी यंत्राला जमिनीचं कळतंय.

एक खोट आहे. गाडी गेल्यावर रेघ सरळ व्हायला हवी, तशी होत नाही. तिला बारीक दाते येत राहतात. कंगव्याच्या दातांसारखे, अगदी समान, सेकंदाला पाच. कुठलं तरी यंत्र आसपास चालू असणार. शोधतो.

५ ऑक्टोबर

शोध चालू. टेबलापाशी उभा राहून, हात टेकवून, तासभर पडद्याकडे बघत राहिलो. दाते आहेतच. मग वाटलं, पाण्याचा पंप. खाली जाऊन पंप बंद करायला लावला, आणि सनी वरून ओरडला, "सर, गेले, एकदम सरळ." मी जिंकल्यासारखा जिना चढून आलो. येऊन टेबलापाशी उभा राहतो तर दाते पुन्हा हजर. पंप बंदच होता.

म्हणजे पंप नव्हे. योगायोग.

१२ ऑक्टोबर

पंखे नव्हेत. तळमजल्यावरची शिवणयंत्रं नव्हेत. समोरच्या गिरणीवाल्याला दळण थांबवायला लावलं, तो चिडला, आणि गिरणीही नव्हे. गंमत अशी की मी खाली जातो तेव्हा दाते जातात, वर येतो तेव्हा परततात. हे भूत माझी चेष्टा करतंय असं मी वर्गात म्हणालो. सगळे हसले. प्रतिभा नाही हसली, ती माझ्या टेबलाकडे बघत होती.

ही रेघ साफ झाल्याशिवाय पाड्यावर जाण्यात अर्थ नाही. खाणवाले म्हणतील, तुमचं मशीनच थरथरतंय.

१९ ऑक्टोबर

काल माझं प्रशिक्षण होतं कल्याणला, म्हणून पोरांना किल्ली देऊन गेलो होतो. आज विचारलं, काल काय दिसलं? सनीने तोंड उघडलं, "सर, काल तर दिवसभर एकदम..." आणि प्रतिभाने त्याच्या पायावर पाय दिला. मग तीच म्हणाली, "कालही तसंच आलं, सर." बोलताना खाली बघत होती.

दोघांचं भांडण झालेलं दिसतं. सनी दिवसभर गप्प होता. हा मुलगा गप्प बसू शकतो हीच मला बातमी.

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं बदलून आली आहेत. मला काही करू देत नाहीत. सोल्डरिंगची बंदूक उचलली की सनी म्हणतो, "सर, मी करतो ना." खडू उचलायला वाकलो तर तीन जण धावले. माझी खुर्ची टेबलापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवली आहे, "सर, इथे हवा येते." चहा आणून दिला तोही अर्धा कप. बकुळाचा वारा इथवर आला की काय.

खरं लिहितो. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मुलं माझ्या हाताकडे बघून शिकली. आता त्यांना माझा हात आड येतो. शिकली की मुलं अशीच होतात, ते चांगलंच असतं, असं मी लोकांना सांगत आलो. सांगायला सोपं असतं.

१६ नोव्हेंबर

रेघ साफ.

मी आज मुद्दाम खुर्ची ओढून टेबलापाशीच बसलो, दोन्ही कोपरं टेकवून, आणि पडद्यावर रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. एकही दाता नाही. म्हटलं, काय केलंत? प्रतिभा म्हणाली, एक जोड ढिला होता, तो घट्ट केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला दोन महिने न सापडलेलं तिला सापडलं. घरी येऊन बकुळाला सांगितलं, ती म्हणाली, बरं झालं, आता तरी डॉक्टरकडे चला. कशाचं कशाला.

पुढच्या शनिवारी पाड्यावर जायचं. त्या दिवशी सुरुंग असतो असं प्रतिभाचे वडील म्हणतात.

२३ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

बॅटरी, यंत्र, शाळेचा कॉम्प्युटर, सगळं जीपमध्ये घालून पाड्यावर गेलो. प्रतिभाचे वडील बुधाजी रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. घर सारवून ठेवलेलं. भिंतीचा तडा पाहिला, माझं बोट आत गेलं. पाड्यातली माणसं दारात जमली. बुधाजी सगळ्यांना सांगत होते, "आता मास्तरांचा मशीनच सांगंल."

यंत्र ओट्यावर ठेवलं. सुरुंग उडाला. मांडणीवरची भांडी वाजली, एक तांब्या खाली पडला, माझ्या पायांना हादरा कळला. पडद्यावर रेघ सरळ. केसभरही हलली नाही.

मागे एक म्हातारा हळूच म्हणाला, मग खाणवाले खरंच बोलत असतील.

मी पेटी उघडली. आत, वेटोळ्याकडून येणाऱ्या तारेला आडवा एक मोठा कंडेन्सर जोडलेला. सफाईने, माझ्याच पद्धतीने. तो लावला की झटपट हलणारं सगळं गिळलं जातं. दातेही, गाडीही, सुरुंगही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, जुलैत मीच शिकवलं होतं. म्हणजे यंत्राला आंधळं करून तिने मला साफ रेघ दाखवली.

मी तिथेच, तिच्या वडिलांसमोर, पाड्यासमोर बोललो. म्हणालो, खोटी रेघ काढणाऱ्याला माझ्या तासाला जागा नाही. म्हणालो, स्वतःच्या घरासाठी आलीस आणि स्वतःच्याच घराला फसवलंस, प्रदर्शनाला तू येणार नाहीस. बुधाजी हात जोडून म्हणत होते, "पोरीचा चुकला आसंल, मास्तर." ती उभी होती. रडली नाही. माझ्या हाताकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही. त्याचा मला जास्तच राग आला.

येताना जीपमध्ये सनी म्हणाला, "सर, तिने तुमच्यासाठी..." मी म्हटलं, गप्प बस.

१ डिसेंबर

आज शाळेला सुट्टी. किल्ली घेऊन एकटाच गेलो. कंडेन्सर काढला. तो काढायला मला फार वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. यंत्र चालू केलं, आणि दाते पुन्हा आले.

इमारतीत कुणी नाही. पंप बंद, पंखे बंद, गिरणी बंद. मुख्य बटणच बंद केलं, कॉम्प्युटर बॅटरीवर ठेवला. तरी दाते. मी टेबलाशी बसून भिंतीवरच्या माझ्याच ओळीकडे बघत होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळ्या गोष्टी एकेक करून बदलून झाल्या होत्या. बदलायचं राहिलेलं खोलीत आता एकच होतं, पण ते सुचायला मला भिंतीपर्यंत चालत जावं लागलं. ओळीची शेवटची बारीक अक्षरं जवळून बघावीत म्हणून उठलो. तिथून वळून पाहिलं तर पडद्यावर रेघ सरळ.

परत आलो. उजवा हात टेबलावर ठेवला. दाते. उचलला, सरळ. ठेवला, दाते.

डावा ठेवून पाहिला. सरळ.

मग मी हाताकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं की तो स्थिर होतो, काही उचलायला गेलं की स्थिर होतो, म्हणून इतके दिवस मला कळलं नाही. मी नजर पडद्यावर ठेवली आणि डोळ्याच्या कडेने पाहत राहिलो. थोड्या वेळाने अंगठा हलू लागला. अंगठा नि पहिलं बोट, एकमेकांवर, मणी ओढल्यासारखं.

आबा नाम घेत नव्हते.

यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. दोन पोरांनी बनवलेलं यंत्र अचूक सांगत होतं आणि मी गिरणीवाल्याशी भांडत होतो.

भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. ज्या हाताने सगळं केलं तोच जाणार हे मनात आलं आणि मी तो डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. काही उपयोग झाला नाही.

२ डिसेंबर

सकाळी पहिल्या जीपने पाड्यावर गेलो. बुधाजींना वाटलं, पोरीला शाळेतून काढल्याचं सांगायला आलो. मी म्हटलं, मी माफी मागायला आलोय. ते भांबावले, पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

प्रतिभा ओट्याच्या कडेला बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं, कधी कळलं तुला?

तुम्ही कल्याणला गेला होतात तेव्हा, ती म्हणाली.

मग सांगितलं का नाही? तिने ओट्यावरचा एक खडा उचलून अंगणात टाकला. मी म्हटलं, अगं, कंडेन्सर लावलास तर सुरुंगही दिसणार नाही हे तुला माहीत होतं. तुझंच घर होतं ते. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"तुम्ही रोज शोधत होतात, सर," ती म्हणाली. "शोधत राहिला असता तर सापडलं असतं. म्हणून थांबवलं."

आणि तुझं मशीन?

"मशीन परत बनवता येतं."

मी तिथे रडलो. विद्यार्थ्यासमोर आयुष्यात रडलो नव्हतो. ती घाबरली आणि आत जाऊन वडिलांना घेऊन आली. बुधाजींनी काही न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच बसले.

६ डिसेंबर

डॉक्टरकडे गेलो, बकुळा बरोबर होती. त्यांनी कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल काढायला लावलं, हात सैल सोडून बसवलं, चालवून पाहिलं. मग विचारलं, वास येतात का? मी हो म्हणणार होतो. मग राळ आठवली. अंबरनाथची रिक्षा आठवली. म्हटलं, नाही. जुलैपासून तरी नाही.

नाव सांगितलं. कंपवात. आबांच्या वेळी कुणी नाव सांगितलं नव्हतं, विचारायला कुणी गेलंही नव्हतं. गोळ्यांनी बराच काळ रेटता येईल, असं म्हणाले. बरा होईल असं म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

बाहेर आल्यावर बकुळाला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, तिला भीती होती, माहीत नव्हतं. मग म्हणाली, आबांना भरवताना दर वेळी मनात यायचं की हे तुमच्यात येऊ नये. वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट तिने आज सांगितली.

१४ डिसेंबर

शनिवार. प्रतिभा परत आली. वर्ग खाली बघत होता, माझ्या हाताचं सगळ्यांना माहीत होतं. मला वाटतं महिनाभर माहीत असावं. इतकी पोरं, आणि एकानेही सांगितलं नाही. फळ्यावरचं माझं अक्षर वाचता येत नव्हतं तरी सगळे लिहून घेत होते, हेही आज कळलं.

मी यंत्र चालू केलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. म्हटलं, बघा. हे माझं आहे. निरीक्षण लपवायचं नसतं, मोजायचं असतं. मोजा, सेकंदाला किती?

कुणी पेन उचलेना. सनी रडायलाच लागला. शेवटी प्रतिभा उठली, पडद्यापाशी गेली, बोट ठेवून मोजलं आणि फळ्यावर पाच लिहिलं. मग एकेकाने वहीत उतरवलं. वारंवारता हा धडा मी पुष्कळ वेळा शिकवला आहे, इतक्या शांत वर्गात कधी नाही.

तास संपल्यावर सोल्डरिंगची बंदूक प्रतिभाला दिली. म्हणाली, शाळेच्या कपाटात ठेवते. म्हटलं, नाही, तुझ्याजवळ ठेव.

२१ डिसेंबर

पाड्यावर दुसऱ्यांदा. मी यंत्रापासून दूर, अंगणात बसलो, दोन्ही हात मांडीवर. सुरुंग उडाला आणि घरातून सनीची आरोळी आली. रेघ पडद्याच्या वरपासून खालपर्यंत गेली होती. आधी सरळ, नंतर सरळ, मधे तो हादरा. इतकी स्वच्छ रेघ मी पाहिली नाही.

बुधाजी आमच्याबरोबर शाळेपर्यंत आले आणि तिथे छापलेला कागद त्यांनी दोन्ही हातांत धरला, देवाचा प्रसाद धरतात तसा. खाणवाले मानतील का? म्हणतील, शाळेतल्या पोरांचं खेळणं. बुधाजीही तेच म्हणाले, आणि तरी कागद ग्रामपंचायतीत नेणार आहेत.

९ जानेवारी

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आज अंबरनाथला झालं. मी लांब, खांबाआड उभा होतो. टेबलाला हात लागू नये म्हणून आता मला लांबच उभं राहावं लागतं.

प्रतिभाने दोन कागद लावले होते. एक सुरुंगाचा. दुसरा दात्यांचा, तो लाव असं मीच सांगितलं होतं. परीक्षक सुरुंगावर खूश झाले, मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, हा यंत्रातला दोष दिसतोय, काढता आला नाही का?

सनीने तिच्याकडे पाहिलं. मी खांबाला धरून होतो.

"दोष नाही, सर," प्रतिभा म्हणाली. "आमचे सर टेबलावर हात ठेवून शिकवत होते, तेव्हाची रेघ आहे ती."

परीक्षकांना कळलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलावर गेले. नंबर आला नाही. उत्तेजनार्थ मिळालं. पोरं नाराज होती, त्यांना वडापाव दिला. माझा सनीने धरून भरवला, सगळ्यांसमोर, बोलता बोलता, जसं काही रोजचंच आहे.

घरी आलो. बकुळाने चहा ओतायला घेतला. आज तिने कप काठोकाठ भरायला सुरुवात केली. बहुधा आता लपवायचं काही उरलं नाही असं वाटलं असेल, किंवा आजच्या दिवसाचं कौतुक असेल. जूनपासून मी तिला चिक्कू म्हणत आलो.

मी म्हटलं, अर्धाच दे. संपला की पुन्हा दे.

तिने किटली खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसली. मी अर्धा कप उचलला. तोंडापर्यंत नीट आला, सांडला नाही.